‘टेकू’ची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर पूर्ण, व्यवसाय नाच बसवणे, मुक्काम तालमीच्या हॉलवरची खोली, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असल्यास माझ्या सहा नर्तकांना विचारावे. आज सकाळी मी त्यांना त्रेचाळीस मिनिटांचा आख्खा नाच तोंडी म्हणून दाखवला, एकही मोजणी न चुकता. वकीलबाईंनी मला दोनच सूचना दिल्या आहेत: वाक्ये छोटी लिहा आणि भांडणे गाळा. पहिली पाळण्याचा प्रयत्न करीन.

येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेलो नाही. मी खूश आहे, इतका खूश की कालपासून जेवण जात नाही, आणि अक्षर हलले आहे ते त्यामुळे. आज संध्याकाळी हंगामाचा अकरावा आणि शेवटचा प्रयोग आहे. सगळी तिकिटे संपली आहेत. आमच्या तिकीटखिडकीवर ‘हाऊसफुल्ल’ची पाटीच नव्हती, ती परवा खडूने लिहून लावावी लागली.

१. चार वर्षांपूर्वी केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करत आहे. त्यात असे लिहिले होते की माझ्या पश्चात माझा एकही नाच कोणी नाचू नये, माझ्या एक्केचाळीस वह्या जाळाव्यात, आणि कोणी पायाची करंगळी जरी इकडची तिकडे केली तरी तो नाच माझा समजू नये. हे लिहिणारा माणूस रागीट आणि एकटा होता. ते का रद्द करतो आहे, हे सविस्तर सांगणे भाग आहे.

या हंगामासाठी मी एकोणीस वर्षांपूर्वीचा ‘टेकू’ पुन्हा बसवायला घेतला. एक स्त्री, एक पुरुष, दोघांच्या पाठी एकमेकींना टेकलेल्या, आणि त्रेचाळीस मिनिटांत पाठ फक्त एकदाच सुटते. मूळ नाच मी आणि माझी पाठची बहीण नाचलो होतो. वह्यांतली चित्रे माझी मलाच लागेनात, म्हणून जुनी चित्रफीत काढली आणि तिच्यावरून तीन जोड्यांना चार महिने शिकवले. पहिले दोन महिने कोणी कोणाचा टेकू होईना. एक जोडी तर इतक्या वेळा आपटली की शिवणकाकूंनी त्यांच्या तालमीच्या कपड्यांत ढुंगणावर गाद्या शिवल्या. मग एका सकाळी, काही न सांगता सवरता, उंच मुलगी आणि तिचा जोडीदार पहिल्यापासून शेवटपर्यंत न पडता गेले. संपल्यावर दोघे जमिनीवर बसून हसत सुटले आणि मी खुर्चीवर बसून रडलो. हे पुढे कोणी नाकारू नये म्हणून इथे लिहून ठेवतो.

पहिल्या प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना आमच्या लाइटवाल्याने, मला न विचारता, माझ्या बहिणीला तालीम बघायला बोलावले. आम्ही एकोणीस वर्षे बोलत नव्हतो. ती येऊन दाराशी उभी राहिली. पाच मिनिटे बघितले आणि म्हणाली, “दादा, हे कोणी शिकवलं यांना?”

“मी. का?”

“सगळं उलटं आहे.”

“उलटं म्हणजे?”

“उलटं म्हणजे उलटं. आपण उजवीकडे घसरायचो. ही पोरं डावीकडे चाललीत.”

मी म्हणालो, एकोणीस वर्षांत माणूस विसरतो. तिने चपला काढल्या, आत आली, उंच मुलीच्या जोडीदाराला बाजूला केले आणि स्वतः मुलीच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. त्रेसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे दुखरे. ती उजवीकडे घसरली, आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझा उजवा पाय आपोआप पुढे गेला. तो चार महिने तसाच जाऊ बघत होता. मी म्हातारपणाला दोष देत होतो.

तेवढ्यात वरून, लाइटच्या केबिनमधून, आवाज आला, “अरे हो. ते मी आरशातून घेतलं होतं. जुना हॉल अरुंद होता ना, सगळी जमीन कॅमेऱ्यात मावेना.”

चित्रफितीत मागे भिंतीवरचे घड्याळ दिसते. त्याचे काटे उलटे फिरतात. आम्ही सात जणांनी चार महिने ते पाहिले आणि घड्याळ बिघडले आहे असे समजून सोडून दिले.

मी लगेच सगळे सरळ करायला उठलो. नऊ दिवस, नऊ रात्री, मला काही वाटले नसते. बहिणीने हात धरून बसवले. “यांच्या अंगात बसलंय आता. उगाच उसवू नकोस.” उंच मुलगी म्हणाली, “सर, आम्हाला हेच सरळ आहे.”

म्हणून ‘टेकू’ पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत उलटा उभा राहिला. पडदा पडल्यावर प्रेक्षागृहात कोणी हलले नाही, आणि मला वाटले, गेला, बुडाला प्रयोग. मग लोक उठले. सगळे उठले. सहा वेळा पडदा वर गेला, आणि पडदा ओढणाऱ्याने मला विंगेत सांगितले, “मास्तर, आता दोरी गरम झाली, तुम्हीच सांगा त्यांना घरी जायला.” जो नाच करंगळीएवढा हलला तर मरेल असे मी वकिलासमोर लिहून दिले होते, तो सबंध उलटला तरी त्याला काही झाले नाही. सबब ते मृत्युपत्र रद्द.

२. एक्केचाळीस वह्या जाळू नयेत. त्या सहाही नर्तकांना मिळून द्याव्यात. त्यांनी त्या वाचाव्यात, हसावे आणि पटेल तेवढेच घ्यावे. ‘टेकू’ सोडून बाकीच्या नाचांचे सगळे हक्कही त्यांनाच, बदलण्याच्या मुभेसकट. डावी-उजवी त्यांची त्यांनी ठरवावी.

३. वरची खोली, बँकेतली शिल्लक आणि जमिनीवर अंथरायचे काळे रबरी पट्टे आमच्या नाचाच्या कंपनीला. पट्टे गुंडाळताना घडी घालू नये. हे मी तीस वर्षे ओरडून सांगतो आहे.

४. शिवणकाकूंना शिलाई मशीन, मोठी कात्री आणि माझी माफी. मी कपडे करडे मागितले होते. त्यांनी माझ्या नाकावर टिच्चून विटकरी शिवले आणि वर म्हणाल्या, “करड्यात ती दोघं भिंत दिसतील, माणसं नाही.” त्यांचे बरोबर होते. विटकरी रंगाबद्दल वर्तमानपत्रात जे कौतुक छापून आले ते मी कापून माझ्या वहीत चिकटवले होते. ते कात्रण आता त्यांच्या मशीनवर लावावे.

५. ज्या समीक्षकाने दहा वर्षांपूर्वी मला ‘फर्निचर हलवणारा’ म्हटले आणि परवा ‘शांततेचा शिल्पकार’ म्हटले, त्याला प्रेक्षागृहातली दुसऱ्या रांगेतली सातवी खुर्ची आयुष्यभर राखून ठेवावी. ती मोडकी आहे. तिच्यात झोप लागत नाही.

६. हॉलच्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना आधीच्या मृत्युपत्रात मी शांतता दिली होती. ते त्या आशेवर आहेत, भेटले की माझ्या तब्येतीची आपुलकीने चौकशी करतात. ती देणगी मागे घेत आहे. धपधप चालूच राहील. त्यांना दोन पासेस द्यावेत.

७. आता ‘टेकू’.

इथे मी काल एक ओळ लिहिली होती: ‘टेकू हा माझा नाच मी माझ्या बहिणीस देतो.’ ओळ लिहून मला फार बरे वाटले. केवढा मोठा मी, असेही वाटले. वकीलबाईंनी ती वाचली आणि, त्या प्रत्येकालाच विचारत असतील तसे, सहज विचारले, “हा तुमच्या एकट्याच्या मालकीचा आहे ना? नाहीतर देता येणार नाही.”

मी हो म्हणायला तोंड उघडले आणि हो बाहेर पडेना. वकीलबाईंना वाटले, झडपेचा त्रास झाला. त्यांनी पाणी आणले.

जे खरे आहे ते असे. ‘टेकू’ आम्ही दोघांनी बसवला. आईच्या स्वयंपाकघरात, टेबल बाहेर काढून, तीन महिने. पहिली चोवीस मिनिटे माझी आहेत. त्यानंतरची अकरा तिची. त्यात ती आपला सगळा भार माझ्या पाठीवर टाकते आणि मग तो थोडा थोडा काढून घेते, इतका हळू की मला कळत नाही, आणि शेवटी मी कशालाही न टेकता, मागे कललेला, तसाच उभा असतो. ते तिने शोधले. एका सकाळी म्हणाली, “दादा, तुला वाटेल आता पडतोय. पडू नकोस.” शेवटची आठ मिनिटे कोणाची, हे आम्हाला तेव्हाही सांगता आले नसते.

मग पोस्टर छापून आले. नृत्यरचना म्हणून माझे एकट्याचे नाव. खाली बारीक अक्षरात ‘सहभाग’ म्हणून तिचे. चूक छापखान्याची नव्हती. मजकूर मी दिला होता. तिने पहिला प्रयोग नाचला, तोंड धुतले, आणि म्हणाली, “दादा, पोस्टर वाचलं मी.” मी म्हणालो, “मग?” दुसऱ्या दिवशी ती आली नाही. लोकांना मी सांगितले की तिचे गुडघे गेले. एकोणीस वर्षे तेच सांगत आलो. गेल्या महिन्यात तिचे गुडघे खरेच दुखताना पाहिले, तेव्हा मला लाज वाटली, पण मी बोललो नाही.

या हंगामाच्या पोस्टरवरही माझेच नाव आहे. आणि गेल्या रविवारी आम्हाला हंगामातल्या सर्वोत्तम नृत्यरचनेचा मान मिळाला. माझ्या आयुष्यातला पहिला. परीक्षकबाईंनी मानपत्र वाचले: ‘विशेषतः तो प्रदीर्घ भाग, ज्यात स्त्री आपला आधार काढून घेते आणि पुरुष उभा राहतो.’ माझ्या हातात माईक होता. बहीण चौथ्या रांगेत होती. मी सगळ्यांचे आभार मानले. लाइटवाल्याचे मानले, शिवणकाकूंचे मानले, पडदा ओढणाऱ्याचेसुद्धा मानले. तिचे नाव घेतले नाही. आणि ती टाळ्या वाजवत होती, मनापासून, उभी राहून. तिला माझ्यासाठी आनंद झाला होता.

सबब कालची ओळ खोडली आहे. तिच्या जागी हे: ‘टेकू’ या नाचात माझा हिस्सा अर्धा आहे. उरलेला अर्धा पहिल्या दिवसापासून माझ्या बहिणीचा आहे. तो माझा नसल्यामुळे मला देता येत नाही, आणि दिल्याचा मोठेपणाही घेता येत नाही. माझा अर्धा मी सहा नर्तकांना देतो. तिच्या अर्ध्याचे काय करायचे ते तिला विचारावे.

८. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. तोवर थांबलो तर मी पुन्हा तिच्याशी लपाछपीच खेळलो असे होईल. म्हणून हे मी आज दुपारी तीन वाजता, प्रयोगाच्या तालमीआधी, हॉलच्या मधोमध उभा राहून सगळ्यांसमोर वाचणार आहे, आणि सह्या त्यानंतर होतील. मानपत्रावर दोन नावे घालून मागण्याचे पत्र परीक्षकबाईंना सकाळीच गेले आहे.

सही करण्यापूर्वी, वकीलबाईंच्या परवानगीने, आणखी काही ओळी:

वाचून झाले आहे. सातवे कलम वाचताना माझा आवाज गेला, तेव्हा पुढचे लाइटवाल्याने वाचले. बहीण खिडकीपाशी होती. तिने वकीलबाईंना विचारले, “माझ्या अर्ध्यात काही करायचं असेल तर याची परवानगी लागेल का?”

“नाही लागणार.”

“बरं.” तिने चपला काढल्या. “चला रे, उठा. चोविसाव्या मिनिटापासून. फार भराभर सोडता तुम्ही, रोज बघतेय मी. दादा, तू खाली बस आणि बोलू नकोस.”

मी बसलो. या क्षणी, मी हे लिहीत असताना, ती उंच मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला भार कसा काढायचा ते दाखवते आहे. तालमीला अर्धा तास उशीर झाला आहे आणि मला त्याची फिकीर नाही. मुलीने, सगळे ऐकलेले असूनही, आत्ताच तिला मुद्दाम विचारले, “ताई, हे असं काढून घ्यायचं, हे सुचलं कोणाला?”

बहीण म्हणाली, “मला.”

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, ऐकवला आणि तो मला मान्य आहे.

मृत्युपत्र करणार: सही

साक्षीदार पहिला: लाइटवाला, सही. (आरशाचा दोष मान्य.)
साक्षीदार दुसरा: पडदा ओढणारा, सही. शिवणकाकूंना मशीन मिळत असल्यामुळे त्यांची साक्ष चालत नाही. त्या रुसल्या आहेत.

‘टेकू’च्या उरलेल्या अर्ध्याची मालकीण, साक्षीदार म्हणून नव्हे: सही

ठिकाण: तालमीचा हॉल.
दिनांक: ९ नोव्हेंबर, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे.