खोडलेलं ‘दुरुस्तीसह’

अबुधाबी, ६ मार्च १९९९, शनिवार
नव्या कायद्याचा मसुदा तपासायला आमच्या कंपनीच्या ऑफिसात आला. सरकारने संकटकाळासाठी तेल साठवायचं, त्याच्या बजेटचा. माझ्याकडे व्याख्या तपासायच्या. ‘लघु बांधकाम म्हणजे साठ्यावरचं पन्नास लाख दिरहमच्या आतलं काम, दुरुस्तीसह.’ आपले पावणेसहा कोटी रुपये झाले, आणि म्हणे लघु! ‘दुरुस्तीसह’ उगाच लोंबत होतं. खोडलं. कायदा घरीच वाचून शिकलो, तरी वकिलांना शिकवीन.

९ मार्च
मसुदा परत. या व्याख्येने गळक्या टाकीच्या दुरुस्तीला एक फिल्ससुद्धा मिळणार नाही, असं सरकारी खात्याचं म्हणणं. आमचे मॅनेजर मुनीरसाहेब टायपिस्ट सुदेशवर तुटून पडले. पान त्याने टाइप केलेलं, खाली सही त्याची. बायकोच्या व्हिसासाठी त्याला कंपनीचं पत्र हवं होतं. साहेब म्हणाले, पत्र खलास. मी बोलणारच होतो, तेवढ्यात फॅक्स आला. उद्या आठला सांगणार.

१० मार्च, ८.१०
साहेब अजून तापलेले. अशा माणसाला खरं सांगणं म्हणजे त्याच्या ब्लडप्रेशरशी खेळ. शनिवारी नक्की.

१२ मार्च, शुक्रवार
सुदेशला जेवायला बोलावलं. सुरमईचे माझ्या वाटचे तुकडेही त्यालाच वाढले. गुहागरला रंजिता बॅग भरून बसलीय, म्हणाला. काका, तो शब्द माझ्या हातून गळला कसा, आठवतच नाही, असंही. आमची मीनाक्षी त्याला सांगते, ह्यांच्यासारखं दोनदा तपासत जा रे. पाणी प्यायलो.

१३ मार्च
केबिनपर्यंत गेलो. आत पाहुणे होते. बहुतेक. तोंडी बोलण्यात घोळ होतो, लेखीच द्यावं.

१४ मार्च
चार पानी निवेदन तयार. आधी ‘चूक’ आणि ‘जबाबदारी’ यांच्या व्याख्या. शेवटी स्वच्छ लिहिलं: ‘सदर चूक सुदेशची न मानता माझी मानण्यात यावी.’ इतकं स्पष्ट कोणी लिहिलं नसेल. ‘मी खोडलं’ हे आलं नाही, पण त्यात आलंच ते.

१५ मार्च
साहेबांनी वाचून मिठीच मारली. हबीबी, पोरासाठी स्वतःच्या अंगावर घेतोस? केवढं मन तुझं! पण पत्र नाही, शिकू दे त्याला. मी दोनदा ‘नो सर’ म्हणालो. त्यांना तो विनय वाटला. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी सुदेश रंजिताचं तिकीट रद्द करून तसाच घरी आला. साहेबांनी त्याला माझं निवेदन दाखवलेलं. तिने फोनवर सांगितलं म्हणे, काकांना माझाही नमस्कार करा. दोनदा वाकला. एकदा स्वतःचा, एकदा तिचा.

दोन्ही वेळा आशीर्वाद दिला.