आठव्या इनिंगला मी बोलले

आई, परवा मैदानावर तुझी आठवण आली आणि खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तुझ्यावर चिडायला मला अजून दोन मिनिटं पुरतात. आज रविवार, सकाळचे नऊ वाजलेत. नवरा भाजी आणायला गेलाय, मुलगा वर झोपलाय, आणि मी इथे अमेरिकेत, फ्रीमाँटच्या घरात ओट्याशी उभी राहून लिहितेय. बसले तर लगेच उठून मशीनला कपडे लावीन आणि हे राहूनच जाईल, मला माझी खोड माहीत आहे.

तुझा नातू बेसबॉल खेळतो. म्हणजे परवापर्यंत खेळत होता. तू गेलीस तेव्हा तो तीन वर्षांचा होता, आता बावीसचा आहे, दारातून वाकून येतो. कॉलेजच्या टीममध्ये तो पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर म्हण. पण हा धावत येत नाही, मातीच्या बुटक्या उंचवट्यावर उभा राहून फेकतो आणि चेंडू टप्पा न खाता थेट जातो. आसपासच्या काही कॉलेजांचा मिळून एक गट असतो, त्याला कॉन्फरन्स म्हणतात, आणि मे महिन्यात त्यातल्या वरच्या टीम्सची चॅम्पियनशिप टूर्नामेंट असते. जिंकेल ती टीम पुढे देशपातळीवर जाते. दोनदा हरलं की बॅग भरायची. आमची टीम गुरुवारी एकदा हरली होती, त्यामुळे शुक्रवारी हरलो असतो तर संपलंच. आणि त्याचं तर सगळंच संपणार होतं, कारण त्याच्या कॉलेजातून पुढे कोणी मोठा खेळाडू होत नाही. जुलैत तो सांता क्लाराला नोकरीला लागतोय, बापासारखाच, बापासारखाच फ्रीवेवर दीड तास. तेरा वर्षं खेळला. ती तेरा वर्षं आणखी एक दिवस तरी चालावीत, एवढंच मागणं घेऊन मी अडीच तास ड्राइव्ह करत त्या रणरणत्या गावी गेले होते.

आणि तिथे तू आलीस. का आलीस ते सांगते, पण त्याआधी जुनं बोलू दे. तालुक्याच्या त्या प्रसूतिगृहात तू नर्स होतीस आणि शाळा सुटली की मी तिथेच येऊन बाकावर बसायची. बाळ जन्मलं की तू त्याला काट्यावर ठेवतेस, आकडा बघतेस, वहीत लिहितेस आणि वही मिटतेस. नातेवाईक विचारतात, "सिस्टर, वजन किती?" तू म्हणतेस, "लिहिलंय." बाळ गोरंगोमटं, टपोरं असलं की तू हटकून काहीतरी वाईट बोलणार. "नाक बसकंच आहे हो." लोकांना वाटायचं सिस्टर फटकळ आहे. घरी तर काय विचारूच नको. मी दहावीला केंद्रात पहिली आले, शेजारच्या काकू पेढे घेऊन धावत आल्या, आणि तू पदर खोचत म्हणालीस, "बरं झालं. पाणी भरलंस का?" मी हंडा उचलला आणि नळावर जाऊन रडले. वक्तृत्वाची ढाल आणली, कॅम्पसमधून नोकरी लागली, व्हिसा झाला, दर वेळी तुझं तेच, "बरं झालं." जणू काही मी दळण आणून दिलंय!

मग माझ्या बाळंतपणाला तू इथे आलीस. इथली नर्स मोठ्याने ओरडली, "ब्यूटिफुल बेबी! एट पाउंड्स!" आणि तुझा चेहरा पांढराफटक पडला. तू पिशवीतून काजळाची डबी काढून त्याच्या कानामागे तीट लावलीस, नर्सने ती पुसली, तू पुन्हा लावलीस, तिने पुन्हा पुसली. दोघीही नर्सच, कोण माघार घेणार! मला हसू आवरत नव्हतं. पण ती गेल्यावर तू पाळण्यात वाकून म्हणालीस, "नाक बघ कसं, भज्यासारखं," आणि माझं डोकं सटकलं. टाके ओले होते तरी मी उठून बसले. म्हटलं, "माझ्या मुलाला मी रोज सांगणार आहे तो किती छान आहे ते. तुझ्यासारखी मुकी नाही राहणार." तू दुपट्यांच्या घड्या घालत होतीस. घडी न थांबवता म्हणालीस, "सांग बाई. चांगलं सांग." त्याहून जास्त काही बोलली नाहीस, आणि महिन्याभराने परत गेलीस.

मी माझा शब्द पाळला गं. अगदी घसा फोडून पाळला. त्याने चेंडू पकडला तरी टाळ्या, सोडला तरी टाळ्या. दहा रन्सने हरून आला तरी गाडीत बसताना "ग्रेट जॉब, बाळा." मैदानावर सगळ्या पालकांना ठाऊक आहे, ती साडी नेसत नाही पण शाब्बास मराठीत ओरडते ती बाई. माझ्या शेजारी चार वर्षं कॅचरची आई बसते. कॅचर म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, पिचरचा चेंडू झेलणारा. तिची मुलं चार, सगळी खेळणारी, त्यामुळे तिला या खेळातलं आतबाहेरचं सगळं माहीत. मला बाहेरचंच.

तर शुक्रवारी. ऊन असं की पत्र्याच्या बाकावर टॉवेल घातल्याशिवाय बसवेना. आणि आपला मुलगा असा फेकत होता की काय सांगू. इथे तीन जण आऊट झाले की पाळी बदलते, दोन्ही टीम्सची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग, अशा नऊ. एक इनिंग, दोन, तीन, समोरच्याला चेंडू धड लागेचना. फलंदाज चेंडू मारून पहिल्या बेसवर, म्हणजे धावत गाठायच्या पहिल्या खुणेवर, सुखरूप पोहोचला की त्याला हिट म्हणतात, आणि फळ्यावर त्यांच्या हिट्सच्या खाली शून्य होतं. पाचवी इनिंग झाली, सहावी झाली, शून्य हलेना. आमचीही एक रन होईना, ते वेगळं. सातवी इनिंग त्याने संपवली, आठवीत आधी बॅटिंग आमची होती, म्हणून तो जाळीआड टीमच्या बाकावर जाऊन बसला. तेव्हा मी पाहिलं, तो अगदी टोकाला एकटा बसलाय. बाकीची सगळी पोरं दुसऱ्या टोकाला. पाण्याची बाटली द्यायला कुणी जात नाही, पाठीवर थाप नाही, त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. एवढं छान फेकून आलेल्या माणसाला वाळीत टाकलंय! भांडण झालं की काय? की हा आपला, रंगाने वेगळा, म्हणून? तेरा वर्षांत त्याच्यावर अशी वेळच आली नव्हती, त्याला नेहमी चौथ्या-पाचव्या इनिंगला बदलायचे, मग मला कसं कळणार? आणि आई, मला त्या टोकाला तो दिसलाच नाही. मला नळावर हंडा भरणारी मी दिसले.

मी उठले, तरातरा जाळीपाशी गेले आणि ओरडले, "शाब्बास रे बाळा! सेव्हन इनिंग्स, अजून एकही हिट नाही! नॉट वन हिट!"

सगळ्या बाकांवर चिडीचूप. पोरांनी माना खाली घातल्या. एका बापाने टोपी काढून तोंडावर धरली. मुलाने एकदा माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं बघितलं, आणि पुन्हा बुटांकडे बघू लागला. कॅचरची आई मागून आली, तिने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "हनी, नो. वी डोन्ट से इट."

"काय नाही म्हणायचं?" मी घाबरून मराठीतच विचारलं, मग इंग्लिशमध्ये.

तिने मला बाकावर नेऊन बसवलं आणि कानात सांगितलं. पिचरने एकही हिट दिलेली नसली की ते कुणी उच्चारत नाही. बाकावर त्याच्याशी बोलायचं नाही, जवळ बसायचं नाही, फळ्याकडे बोट दाखवायचं नाही. बोललं की मोडतं. "दे आर नॉट बीइंग मीन," ती म्हणाली. "दे लव्ह हिम. दॅट्स हाउ यू नो." म्हणजे दृष्टच की! ही सहा फुटी गोरी पोरं, तोंडात सूर्यफुलाच्या बिया चघळणारी, सगळी तुझ्या वॉर्डातली निघाली.

आणि तेव्हाच राग आला, कारण मावशी आठवली. तू गेल्यावर वर्षभराने मावशीने मला फोनवर सांगितलं होतं की माझ्याआधी तुला एक मुलगा झाला होता. अकरा महिन्यांचा होता. तू त्याला वॉर्डात घेऊन गेलीस, सगळ्यांना दाखवलंस, "माझा मुलगा बघा, आहे का असा कुणाचा?" आणि आठवड्याच्या आत तापाने गेला. नर्सच्या हातात असून गेला. त्यानंतर तू कधीच कशाला चांगलं म्हणाली नाहीस, असं मावशी म्हणाली. तू नर्स होतीस, ताप कशाने येतो ते तुला माहीत होतं, तरी जन्मभर जीभ आवळून बसलीस. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस! सांगितलं असतंस तर मी त्या दवाखान्यात तुला तसं बोलले असते का? या कॅचरच्या आईने मला दोन मिनिटांत समजावलं, तुला तीस वर्षं मिळाली होती.

आठव्या इनिंगचा त्यांचा पहिला फलंदाज आऊट झाला. मनात म्हटलं, बघा, काही होत नाही. दुसऱ्याची बॅट चेंडूला जेमतेम लागली, चेंडू घरंगळत घरंगळत दोघा खेळाडूंच्या मधून गेला आणि तो पोहोचला बेसवर. फळ्यावर शून्याचा एक झाला. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही, आणि न बघणं किती कळतं गं. मग एकाला चार चेंडू बाहेर पडून फुकट बेस मिळाला, पुढच्याने लांब मारला आणि दोन रन्स झाल्या. कोचने आपल्या पोराला काढून दुसरा पिचर आणला. आमच्या पोरांना शेवटपर्यंत एकही रन जमली नाही. दोन-शून्य. संपलं.

पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडून झाली, पालकांनी कूलर आवरले. तो सगळ्यांत शेवटी आला आणि गाडीच्या मागच्या उघड्या दारात बसला. मी म्हटलं, "सॉरी रे. माझ्या जिभेला हाड नाही."

"आई, इट वॉजन्ट यू," तो म्हणाला. "माझा हात संपला होता."

"पण मी ओरडले ना."

"यू ऑल्वेज ओरडतेस." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "दॅट्स द थिंग, आई. मी कितीही बॅड असलो तरी तू ग्रेट जॉब म्हणतेस. सो आय नेव्हर नो. मला कधी कळलंच नाही मी खरंच गुड होतो की नाही. आणि आता इट्स ओव्हर." मग म्हणाला, "टेल मी. फॉर रियल. आज कसा होतो?"

तोंडापर्यंत आलेलं "ग्रेट" मी गिळलं. म्हटलं, "सातव्या इनिंगपासून तुझं कोपर खाली येत होतं. तेव्हाच बदलायला हवं होतं तुला. पण पाचव्या इनिंगला तो उंच डावखुरा आला होता ना, त्याला तू दोन चेंडू बाहेर टाकून झुलवलंस आणि तिसरा आत आणलास. तसा चेंडू तू तेरा वर्षांत कधी टाकला नव्हतास. मी तुझे सगळे पाहिलेत, म्हणून सांगते."

तो माझ्याकडे वळला. "यू सॉ दॅट?" म्हणाला. आणि मग तो बावीस वर्षांचा बाप्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. मी त्याच्या मानेवरची माती पुसत राहिले.

हे मावशीला फोनवर लिहून पाठवावं असं मघाशी मनात आलं होतं. ती म्हणेल, गेलेल्या माणसाशी भांडू नये, आणि म्हणेल, बरं झालं, तुला आई कळली शेवटी. म्हणून नाही पाठवत. कळलीस गं. पोरांनी त्याला टोकाला एकटं बसवलं तसं तू मला बसवलंस, प्रेमानेच बसवलंस, हे मला आता शपथेवर पटतं. पण पटलं म्हणून भूक भागत नाही. परवा घरी येताना तो शेजारच्या सीटवर झोपला होता आणि मला एक गोष्ट लख्ख कळली, ती नवऱ्यालाही सांगितलेली नाही. इतकी वर्षं मी त्या पोरासाठी ओरडतच नव्हते. शाब्बास मलाच ऐकायचं होतं, आणि तू म्हणत नव्हतीस म्हणून मीच म्हणत होते. आई, एकदा तरी म्हणायचं होतंस.