काल काय खाल्लंस?

॥ श्री अन्नपूर्णा कृपा करो ॥

माघ वद्य पंचमी, शके १९०४

प्रिय तारामती, अनेक शुभाशीर्वाद.

जिच्या ओंजळीतल्या कणाने चराचर पोसले जाते, त्या जगन्मातेस वंदन करून लिहावयास बसलो आहे. तुझे पत्र पावले. विद्यापीठातले पोषणशास्त्राचे शिक्षण अर्ध्यावर सोडून, माझ्या दोन वेळच्या भाकरीसाठी गावी परत येतेस, असे लिहितेस. तू लोह्याची एसटी धरण्यापूर्वी हे तुझ्या हाती पडावे.

तुझ्या आजीची तेरवी पार पडली. माझ्या डोळ्यांस पाणी आले नाही. अजूनही येत नाही. पहाटे पोथी उघडतो. ओव्या मुखातून जातात, कानापर्यंत पोहोचत नाहीत. वरणात मीठ राहिले तरी समजत नाही. आपण आता नव्या लातूर जिल्ह्याचे, अशी पाटी चावडीवर लागली. माझे धाकटे बंधू हणमंतराव यांनी पेढे वाटले. मी एक घेतला, तो हातातच राहिला. विहिरीचा तळ दिसतो आहे. त्याचेही काही वाटत नाही.

दिवाळीच्या सुटीत तू अभ्यासाचे तक्ते घेऊन चुलीपाशी बसलीस, तेवढे मात्र स्पष्ट आठवते. तू विचारलेस, "आजी, काल दिवसभरात काय खाल्लंस?" ती म्हणाली, "काय खायाचं? भाकर, तुरीचं वरण, वांग्याची भाजी. तुझ्या आज्यानं दोनदा मागून घेतली." तुझी लेखणी थांबली. "आजी, ते तू वाढलंस. खाल्लंस काय?" तेव्हा ती हसली. "लई शिकलीस की गं! कोरभर भाकर अन् खरडा. बास न्हाई का?" तू तिची पापणी खाली ओढून पाहिलीस. पुढे नांदेडच्या डॉक्टरांनीही पापणीच पाहिली. अंगात रक्तच उरले नाही, म्हणाले.

अन्नालाच ब्रह्म मानणाऱ्या ऋषिवाणीचे विवरण मी जन्मभर करीत आलो. तेरवीला मी पहिली पंगत बायकांची बसवली. हणमंतराव तापले. "दादा, बाप्ये ताटकळत अन् बाया पाटावर? हे कोन्त्या पोथीत लिवलंय?" बायका बसल्या, पण जेवेनात. आपल्या पानातल्या पुऱ्या लेकरांच्या हाती देत राहिल्या. शेजारच्या कोंडाबाईला मी तुझा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "पिठलं केलतं." पंगतीतल्या नागुबाईने वरण केले होते. ज्या बोलल्या, त्यांनी केलेलेच सांगितले. मग मी तुझा दुसरा प्रश्न विचारला. साऱ्याजणींनी पदर पुढे ओढले, माना खाली घातल्या. वडीलधाऱ्या पुरुषापुढे, मी अर्धपोटी आहे, असे इथली कोणती सून सांगेल?

म्हणून हे पत्र. येऊ नकोस. भाकरी मला थापता येऊ लागली आहे. कडा करपतात, चालते. तो दुसरा प्रश्न मात्र मी विचारला की उत्तर येत नाही. तो तूच विचारायला हवा. परीक्षा दे, पदवी घे, मग ये आणि कोंडाबाईच्या चुलीपाशी बस.

हे पत्र तू वाचशील, तुझ्या मैत्रिणी वाचतील. वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जी सर्वांत शेवटी जेवते, तिच्यासाठी दुरडीत ऊन भाकरी उरो.

तुझाच आजोबा,
शेषेराव