ऑक्टोपस आणखी एक वर्ष ठेवण्याबाबत

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका,
प्राथमिक विभाग.

विषय : स्पंजचा ऑक्टोपस (जांभळा, आठ पायांचा) न उसवण्याबाबत.

संदर्भ : पालक समितीने एकमताने केलेला ठराव. (एकमत झाले तेव्हा अर्जदार शिडीवर चढून पताका काढत होता.)

महोदया,

इयत्ता तिसरीतील एका विद्यार्थिनीचे वडील, ज्यांचा उल्लेख यापुढे 'अर्जदार' असा केला आहे, त्यांचे निवेदन आपल्या सेवेशी सादर आहे, ते येणेप्रमाणे :

१. अर्जदार मुलांच्या पार्ट्यांच्या कामात स्वेच्छेने आलेला नाही. मुलगी पहिलीत असताना पालकसभेत उकडत होते, म्हणून पंखा लावा असे सांगायला त्याने हात वर केला. नेमके त्याच वेळी व्यासपीठावरून विचारले गेले की वार्षिक पार्टीसाठी स्वयंसेवक कोण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पंखा शेवटपर्यंत लागला नाही, अर्जदार मात्र कामाला लागला.

२. पहिल्या वर्षी संकल्पना 'अंतराळ' होती. प्रत्येक घराला आपलेच मूल सूर्य व्हायला हवे होते, त्यामुळे सभागृहात अकरा सूर्य उगवले आणि पृथ्वी व्हायला कोणी तयार होईना. अखेर शिपाईकाकांना पृथ्वी करण्यात आले. ते खुर्चीवरून हलले नाहीत, तरी कोणाची तक्रार आली नाही. समितीच्या अध्यक्षा व्यवसायाने दंतवैद्य असून समोरच्याला तोंड मिटायची संधी न देता निर्णय घ्यायची त्यांना सवय आहे, हे केवळ माहितीस्तव. "लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या की घरातही डोकावून जा," हा अर्जदाराच्या पत्नीचा शेराही माहितीस्तवच.

३. यंदाची संकल्पना 'समुद्राच्या तळाशी' अशी होती. ऑक्टोपस होणाऱ्या गृहस्थांची ऐन सकाळी कंबर धरली, म्हणून अर्जदाराला त्या स्पंजमध्ये शिरावे लागले. समितीखेरीज हे कोणालाही ठाऊक नव्हते. बाबा मागच्या खोलीत दिव्यांच्या तारा बघताहेत, असे त्याच्या मुलीला सांगण्यात आले होते. समुद्रातले जीव बोलत नाहीत, सबब ऑक्टोपसने एक अक्षर काढू नये, अशी अध्यक्षांची सक्त ताकीद होती. पोरांनी पाय ओढले, एकाने तर गुडघ्याला चावा घेतला, पण अर्जदाराने हूं की चूं केले नाही.

४. येथे एक घरगुती बाब सांगणे भाग आहे. अर्जदाराच्या मुलीची वर्गात एक मैत्रीण आहे. ती डावखुरी आहे, तिला गणित आवडते, आणि फार हसली की तिला उचकी लागते. रोज रात्री जेवताना तिची खबरबात अर्जदाराला मिळते, आणि तोही पार्टीच्या कामांचे फोन घेता घेता ती ऐकतो. यंदाच्या पार्टीसाठी अर्जदाराने त्या मैत्रिणीला पिवळ्या कापडाचा तारामाशाचा पोशाख स्वतः शिवला आणि मुलीच्या हाती पाठवला. अगदी मापात बसला, असा निरोप आला.

५. पार्टीत सगळी मुले खजिन्याच्या पेटीमागे धावली, तेव्हा अर्जदाराची मुलगी ऑक्टोपसला टेकून बसली. दप्तरातून तिने तो पिवळा पोशाख काढला. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"हा तूच ठेव," ती म्हणाली. "ती नाहीये. म्हणजे, तशी कोणी मुलगीच नाहीये."

मग ती बराच वेळ सांगत राहिली. मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या नळांमागे बसून एकटीच डबा खाते. कोणी त्रास देत नाही, फक्त कोणी बोलावत नाही. घरी विचारतात म्हणून तिने एक मैत्रीण तयार केली, पण आता त्या मैत्रिणीसाठी रोज काहीतरी नवे शोधावे लागते आणि त्याचा फार कंटाळा येतो. उठता उठता तिने बजावले, "माझ्या बाबांना सांगू नकोस. ते लगेच पार्टी ठेवतील."

महोदया, अर्जदाराला स्पंजच्या आत रडू कोसळले. आणि त्याही स्थितीत, मुलीला मैत्रिणी मिळाव्यात म्हणून कोणती संकल्पना ठेवावी, याचा विचार त्याच्या डोक्यात सुरू झालेला होता, हे तो नाकारू शकत नाही. सगळ्या शाळेची मुले एकत्र आणणाऱ्याच्या घरी हा प्रकार. दिव्याखाली अंधार, दुसरे काय.

६. सदर माहिती अर्जदारास ऑक्टोपस या नात्याने प्राप्त झाली असून वडील या नात्याने ती अद्याप अप्राप्त आहे. (मुख्याध्यापिकांना सांगू नकोस, असे मुलीने म्हटलेले नसल्याने प्रस्तुत अर्जाने शब्द मोडत नाही, अशी अर्जदाराची समजूत आहे.) बोलावे, तर तिचा एकुलता एक विश्वासू जातो. न बोलावे, तर रोज रात्री नसलेल्या मुलीच्या उचक्या ऐकून हसावे लागते. इकडे आड, तिकडे विहीर. "आधी समुद्रातून वर ये आणि बाप म्हणून विचार," असे सगळा प्रकार कानावर घातल्यावर पत्नीने सुनावले. अर्जदाराने आडवळणाने विचारून पाहिले. त्यावर मुलीने सांगितले की मैत्रीण म्हणते, तुझे बाबा हल्ली फार प्रश्न विचारतात.

७. अशातच वरील ठराव झाला. पुढील वर्षी 'जंगल', आणि ऑक्टोपस उसवून त्याच्या पायांच्या हत्तींच्या सोंडा. आठ पायांत आठ हत्ती भागतात, यात खोट काढायला जागा नाही. तरी अर्जदाराची विनंती की जंगलात एक तळे ठेवावे आणि तळ्यात ऑक्टोपस बसवावा. ऑक्टोपस तळ्यात राहत नाही, असे विज्ञानाच्या बाई म्हणतील. अकरा सूर्यांच्या वेळी त्या गप्प होत्या, याची त्यांना आठवण करून द्यावी. अर्जदाराला समितीच्या बाकी सर्व कामांतून मोकळे करावे, ऑक्टोपसच्या जागेवर मात्र कायम ठेवावे. न बोलण्याची अटही तशीच राहू द्यावी, कारण तोंड बंद ठेवल्यावरच त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मुलीचे सगळे ऐकून घेतले आहे.

तसेच हात जोडून विनंती की या अर्जावरून वर्गात कोणतीही सूचना, मैत्री सप्ताह किंवा गटकार्य घेण्यात येऊ नये. कोणी सहज नळांमागे जाऊन डबा उघडला, तर अर्थातच हरकत नाही.

८. प्रकरण तातडीचे आहे. काल रात्री मुलीने जेवताना सांगितले की मैत्रिणीच्या आईची बदली झाली आहे, आता ती दुसऱ्या गावी जाणार. वाईट झाले, असे अर्जदार म्हणाला, आणि त्याला ते खरोखरच वाटले. पत्नीने मुलीच्या ताटात उगाचच आणखी वाढले. मुलगी तेही निमूट जेवली. मग हात धुऊन आली आणि तिने विचारले, "पुढच्या वर्षी ऑक्टोपस येणार ना?"

तसे सांगण्याचा कोणताही अधिकार नसताना अर्जदाराने "येणार" असे सांगितले आहे.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
पालक, इयत्ता तिसरी

दिनांक : पालकसभेचा आदला दिवस