खुंटीवरचा ॲप्रन

३ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडूच फुटतं, म्हणून लिहिते. तुझा शिलाईच्या दुकानातला आणखी एक ॲप्रन पाठव. तू माझ्या बाळंतपणाला सहा आठवडे राहिलीस आणि जाताना निळा ॲप्रन दारामागच्या खुंटीवर विसरलीस ना, तो मी पाच महिने वापरतेय. हसू नकोस. आपलं बाळ, तुझी बटण, रडायला लागली की मी तो घालते आणि तिला उचलते. तिला वाटतं, तूच आलीस. मग ती गप्प होते. नाइलाजाने दोनदा धुवावा लागला, त्यामुळे खडूचा आणि मशीनच्या तेलाचा वास उडाला असणार. अजून चालतंय, पण किती दिवस चालेल कोण जाणे. म्हणून नवा हवा, आणि न धुता पाठव.

आमचे ट्रकवाले आठवड्यातून दोन दिवस घरी असतात, त्यातला एक झोपण्यात जातो. बाकी दिवस मी आणि ती. दुपारी पडद्याची सावली भिंतीवरून हळूहळू सरकते, मी ती बघत बसते, आणि बघता बघता चार वाजतात. मी रोपवाटिकेत कामाला होते तेव्हा काचघराच्या काचा वाफेने धूसर व्हायच्या, बाहेरची माणसं दिसायची पण ऐकू यायची नाहीत. तसं काहीतरी झालंय. ती माझ्याकडे बघतही नाही गं. सात महिन्यांची पोर, आणि आईकडे बघत नाही.

लसीच्या वेळी नर्सने मला दोन-चार प्रश्न विचारले आणि लहान मुलांच्या केंद्रातल्या एका बाईंना घरी पाठवलं. दर मंगळवारी येतात. मला वाटलं, आता शिकवणी सुरू होणार. पण त्या नुसत्या सतरंजीवर बसतात, तासभर.

ताई, एक मागते. तू तिला घेऊन जा. तुझ्याकडे ती सुखात राहील. माझ्याच्याने होत नाही.

लोभाला अधूनमधून पाणी घालत राहा.

तुझी,
धाकटी


१० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ॲप्रन पाठवतेय. चार दिवस अंगावरून काढला नाही, गिऱ्हाइकं दोन हात लांब उभी राहत होती. आता तरी तुझ्या लेकीचं समाधान होऊ दे.

तुझं पत्र कापायच्या टेबलाशी उभ्याने वाचलं आणि काळजाचं पाणी झालं. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस आणि मी चौदाची. तू रडलीस की मी धावायचे, ती सवय अजून सुटलेली नाही. मी एक मार्चला येते आणि बटणला घेऊन जाते. इस्त्रीची खोली रिकामी केलीय. खिडकीला पडदा लावला, उरलेल्या तुकड्यांची गोधडीही शिवून झाली. तू निवांत झोप काढ, चार महिने, सहा महिने, लागतील तितके.

सतरंजीवर बसून कुणाचं भलं झालंय? बसायला तर आमच्या दुकानाच्या पायरीवर दिवसभर माणसं बसतात. पण येतात तर येऊ देत, चहा तरी दे.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी सांगते. नवा ॲप्रन घातला आणि बटणने घर डोक्यावर घेतलं. तोंड फिरवून खुर्चीकडे हात करत राहिली. खुर्चीवर जुना ॲप्रन पडला होता. तो घातला तेव्हा कुठे थांबली. आता तूही चालेनाशी झालीस की काय, कळेना.

दुसरी बातमी कशी सांगू? केंद्रातल्या बाईंनी मागच्या मंगळवारी विचारून आमचं सात मिनिटं शूटिंग केलं. मी बटणला कपडे घालतेय, एवढंच. या मंगळवारी ते मला दाखवलं. मला वाटलं, आता माझ्या चुका निघणार. त्यांनी एका जागी थांबवलं आणि विचारलं, ती कुठे बघतेय?

ताई, ती माझ्याकडे बघत होती. मी बाही शोधत होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी भिंतीकडे बघत होते आणि ती तिथेच, माझ्या तोंडावर नजर लावून. मी वळेपर्यंत दमायची बिचारी, मग नजर काढून घ्यायची. नेमकं तेव्हा मी बघायचे आणि म्हणायचे, बघा, हिला मी नको. पाच महिने हेच चाललं होतं. मी इतकी रडले की बाईंनीच उठून चहा केला.

त्या म्हणाल्या, काही शिकायचं नाही, फक्त तिची नजर येईल तेव्हा घरी असा. आणि मला कुणी सांभाळतं का, हेही विचारलं. डॉक्टरांकडेही स्वतः घेऊन गेल्या. त्यांनी सांगितलं की हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो आणि बरा होतो. सगळं लगेच निवळलं नाही. काल परत भिंत बघत बसले होते. पण मान वळवली तेव्हा ती वाट बघत होती, आणि मी जरा हसले. ती काय हसली म्हणून सांगू.

परवा ॲप्रन न घालता घेतलं. रडली, मीही रडले, आणि खांद्यावर झोपली. म्हणून दोन्ही ॲप्रन परत पाठवतेय.

तू ये, पण तिला न्यायला नको. रागावू नकोस. खोली तयार केलीस, गोधडी शिवलीस, मला लिहितानाही लाज वाटतेय.

लोभ पूर्वी होता तितकाच, शक्य तर थोडा जास्त असू दे.

तुझी,
धाकटी


२५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले होते. खोटं कशाला लिहू? पत्र वाचून इस्त्रीच्या खोलीत जाऊन बसले, गोधडी मांडीवर घेऊन. मी तिला मनाने आधीच घरी आणलं होतं गं. गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं होतं, माझी भाची येतेय राहायला. म्हणजे माझीच येतेय, असं सांगत होते.

मग तुझं पार्सल सोडलं. जुना ॲप्रन नाकाला लावला. वेडे, यात माझा वास कुठे आहे? खडू नाही, तेल नाही. दूध आहे, तुझ्या केसांचं तेल आहे. पाच महिने तू तुझाच वास घालून तिला घेत होतीस. माझा खराखुरा वास पाठवला, तर तिने तोंड फिरवलं. ती कुणाजवळ गप्प होत होती, ते तूच बघ.

चूक माझीही आहे. सहा आठवडे ती रडली की तुझ्या हातातून मी काढून घेत होते, तू आराम कर म्हणत. तुझा हात बसूच दिला नाही. चौदाव्या वर्षी शिकलेलं एकच काम येतं मला, काय करू? त्या बाईंना माझा नमस्कार सांग. सतरंजीबद्दल बोलले ते मागे घेते.

एक तारखेला येतेच आहे. गोधडी आणते, ती तिथेच राहील. बटण रडली तर मी चहाला आधण ठेवीन, पण हात लावणार नाही. राहवलं नाही तर तू रागाव. पण तुला रडू आलं तर मात्र माझ्याकडे यायचं. माझं बाळ तू आहेस.

आहे तोच लोभ पुरवून पुरवून वापर, पुरेल.

तुझी,
ताई

ता. क. जुना ॲप्रन परत आणतेय, न धुता. खुंटी रिकामी ठेव.