चुन्याखालचा चेहरा

मी, भिंती रंगवून पोट भरलेला, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पायांनी थकलेला पण डोके ठिकाणावर असलेला इसम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात माणूस लागते. बायको गेल्यापासून ते नाही.

१. माझ्या शिड्या, डबे आणि कुंचले चौकातल्या पाट्या रंगवणाऱ्याला द्यावेत. तो कुंचले धूत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही द्यावेत, दुसरे कुणी मागणार नाही.

२. बँकेतल्या शिल्लकीतून माझे क्रियाकर्म उरकावे. उरेल त्यात जिन्यावर दिवा बसवावा. तिथे बायको एकदा पडली होती.

३. मी जन्माने समोरच्या प्रार्थनागृहाच्या समाजाचा, पण श्रद्धेच्या नावाने माझी पाटी कोरी. बायको दुसऱ्या समाजाची, तिचा विश्वास पक्का. ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसली की मी भांडे वाजू देत नसे. लग्न केले म्हणून तिच्या माणसांनी तिला तोडले, माझ्यांनी मला. ती गेली तेव्हा मात्र तिची माणसे तिला घेऊन गेली आणि अंत्यविधीच्या वेळी मला फाटकाबाहेर उभे केले. माझ्यासाठी कुठली प्रार्थना म्हणायची यावरून दोन्हीकडच्यांनी भांडू नये. दोन्हीकडून कुणी येईल असे वाटत नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला.

४. राहते घर मी प्रार्थनागृहाला एका अटीवर देत आहे. लग्नाआधी त्यांनीच मला आतल्या भिंतीवर प्रार्थनेला जमलेली माणसे रंगवायला सांगितले होते. गर्दीत गल्लीतलेच चेहरे घ्यायचे, ही माझी रीत. किराणावाला, सुईण, माझा मोठा भाऊ दादा, सगळे त्यात आहेत. दाराजवळच्या टोकाला, माणसाच्या उंचीवर, तीही आहे. लग्नाची बातमी फुटली आणि समाजाच्या बैठकीत ठरले की तिचा चेहरा चुना फासून पुसायचा. बैठकीचा प्रमुख हाच माझा सख्खा भाऊ. मी त्याला विचारले, ‘‘दादा, तिने भिंतीचे काय बिघडवले?’’

तो म्हणाला, ‘‘भिंत आपली आहे. ती आपली नाही.’’

तेव्हापासून समोरासमोरच्या घरांत राहून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

बैठकीच्याच संध्याकाळी, चुना लागण्याआधी, मी जाऊन तिच्या चेहऱ्यावर मेणाचा पातळ हात फिरवून आलो. मेणावर चुना धरत नाही. दरवर्षी नेमके तिथेच पोपडे सुटतात, भिंतीतल्या ओलीला शिव्या बसतात आणि दादा स्वतः पुन्हा चुना फासतो. मला कळते, कारण त्या दिवशी त्याच्या बाह्या पांढऱ्या असतात.

अट अशी, की तो चुना दादानेच स्वतःच्या हाताने उतरवावा. कोमट पाणी आणि जुने मऊ कापड पुरे, खरवडू नये. त्याने नकार दिल्यास घर खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला जावे. तो कुणाचेही माप घेताना जात विचारत नाही.

दादावरचा राग मी सोडलेला नाही. पण एक गोष्ट लिहायलाच हवी. आम्हा दोघांची चेहरेपट्टी एकच, पुष्कळदा आईसुद्धा फसायची. एकदा बायकोने खिडकीतून त्यालाच मी समजून हाक मारली, ‘‘अहो, येताना दूध आणा.’’ त्याने तिची चूक सुधारली नाही. दूध आणून पायरीवर ठेवले आणि निघून गेला. ती खूप रडली. मी त्या दुधाला हात लावला नाही, माझ्या वाट्याचेही तीच प्यायली.

५. तिच्या शेजारी मी एक माणूस मावेल एवढी जागा कोरी सोडली होती. कधीतरी परवानगी मिळेल आणि तिथे स्वतःला रंगवीन, असे वाटत होते. आता तिथे कुणाकडूनही काही रंगवून घेऊ नये. चेहरा धुऊन झाला की दादाने त्या जागी, भिंतीला पाठ लावून, घडीभर उभे राहावे. लांबून कुणाला कळणार नाही. तीही फसेल.

लिहून देणार: सही

साक्षीदार: १. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई, माझे डोके तपासून. २. पोस्टमन, दुसरे कुणी दार वाजवत नाही म्हणून.

स्थळ: राहते घर, गल्लीकडची खोली. समोरची दादाची खिडकी उघडी आहे.
दिनांक: १२ मार्च