माझा काढा, तिचा काढा

बोरीवली, मंगळवार, १३ डिसेंबर १९८३

दुपारी सुमती एवढंच म्हणाली, "मला बघितलं की हल्ली तोंड कडू होतं तुमचं."

होतं की काय खरंच? माझ्या मधुमेहासाठी ती दोन वेळा काडेचिराइताचा काढा घेऊन येते. आता नुसत्या तिच्या बांगड्या वाजल्या तरी माझं तोंड वाकडं होतं. पूर्वी याच बांगड्यांची वाट बघायचो मी! राग काढ्याचा, आणि तो निघतो बायकोवर. हल्ली ती पेला ठेवते आणि मुकाट्यानं आत जाते.

म्हणून संध्याकाळी तिला सांगितलं, "उद्यापासून काढा मी ओट्यापाशी जाऊन आपला आपण पिईन. तू फक्त चहाच्या वेळी येऊन बस. मी शाळेतल्या कविता म्हणेन. मग बांगड्या वाजल्या की मला कविताच आठवतील."

"तुमचं तोंड गोड होईल हो. माझं काय? तुमची कविता सुरू झाली की घरातलं सगळं माझ्या एकटीच्या अंगावर, हेच बघत आले मी लग्नापासून."

हे कधी मनातच आलं नव्हतं. माझ्या कविता म्हणजे तिचा काढा!

तिच्यापुढची मटारची पिशवी ओढून घेतली. शेंगा सोलता सोलता पावसाची एक जुनी कविता म्हणू लागलो, जरा दबकतच. दोन कडव्यांनंतर आपणहून थांबलो.

"किडके दाणे वेगळे काढा," ती म्हणाली. "आणि थांबलात का? म्हणा की पुढे. अजून अर्धी पिशवी आहे."